ईसी मीटर, तिसरा टप्पा: थंड द्रावणात रीडिंग का भटकत होतं

माझ्या ईसी मीटरमध्ये (ईसी म्हणजे द्रावणाची विद्युत वाहकता) टेम्परेचर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे तापमानामुळे पडणारा फरक काढून टाकण्याचा कोड टाकूनही आकडा जागेवर राहत नव्हता, त्याचं कारण अखेर सापडलं. सूत्र बरोबर होतं, त्यात जाणारं तापमान चुकीचं होतं.

पाणी तापलं की त्याचा चिकटपणा कमी होतो, आयन मोकळेपणाने सरकतात आणि वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणून मोजलेल्या ईसीला १ + ०.०१९ × (तापमान − २५) ने भागून ती २५ अंशांवर आणायची. कॅलिब्रेशनच्या पोटॅशियम क्लोराइड द्रावणाच्या बाटलीवर २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी (वाहकतेचं एकक) आणि १५ अंशांना ११४७ दिलंय. ०.०१९ गुणांकाने ११४७ चे १४१६ होतात. सरसकट ०.०२ धरलं तर १४३४, म्हणून मी ०.०१९ वरच थांबलो.

काल फ्रीजमधलं द्रावण १५ अंशांवर येऊ दिलं, प्रोब बुडवला आणि या वेळी कच्चा आकडा, तापमान आणि दुरुस्त आकडा असे तिन्ही स्क्रीनवर घेतले. कच्चा आकडा लगेच ११४७ च्या आसपास स्थिरावला. तापमान मात्र २७ वरून रेंगाळत उतरत होतं आणि दुरुस्त आकडा त्याच्यामागून ११०५, १२१६, १३२३ असा चढत गेला! सेन्सर २० दाखवत असताना तर उत्तर १२६७, म्हणजे १० टक्के कमी. इलेक्ट्रोडला पाणी लागताक्षणी कळतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर मात्र स्टीलच्या नळीत बसलेला, आणि माझ्या नळीच्या टोकाशी चक्क हवेची पोकळी होती.

नळी उघडून टोकाला थर्मल पेस्ट भरली, मोजताना द्रावण हलवत ठेवलं. कोडमध्येही अट घातली: १० सेकंदांत तापमान ०.१ अंशापेक्षा जास्त हललं तर दुरुस्त आकडा दाखवायचाच नाही. आता थंड द्रावणातही १४१० ते १४२० मिळतं. या सेन्सरची अचूकता ±०.५ अंश आहे, म्हणजे १ टक्का चूक तशीही गृहीत धरावी लागते, तेव्हा मला हे पुरेसं वाटतं.

कॅलिब्रेशन करताना एक जपा. द्रावण २० अंशांवर असताना तापमान न बघता १४१३ भरलं, तर सेल कॉन्स्टंट (प्रोबच्या मोजणीला ज्याने गुणून ईसी काढतात तो आकडा) जवळपास साडेदहा टक्के जास्त येतो आणि पुढची प्रत्येक नोंद ती चूक घेऊन येते.

पुढच्या खेपेला मिठाचं पाणी घेणार आहे. त्याचा गुणांक ०.०२१ च्या आसपास असतो, तो स्वतः मोजून काढायचाय.