किती देते?

पिकअप दारात येऊन आता दीड वर्ष होईल आणि या दीड वर्षात लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच, "किती देते?", म्हणजे लिटरला किती किलोमीटर जाते. देवगडच्या बाजारात विचारतात, नांदगाव तिठ्यावर चहाला थांबलो तर विचारतात, एका लग्नात तर पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने वाढप्याला भात पुरे म्हणून हात दाखवता दाखवता विचारलं. मी म्हणतो अहो ते कशी चालवतो त्याच्यावर आहे, की समोरच्याला वाटतं हा लपवतोय, म्हणजे नक्कीच कमी देत असणार. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्याने विचारलं की लिंक पाठवीन.

आमची आंब्याची कलमं सव्वाशेच्या आसपास, थोडे काजू, घरामागे चार माड. आधी एक जुनी हॅचबॅक होती आणि माल न्यायचा झाला की वाडीतल्या एकाचा टेम्पो भाड्याने घ्यायचो. पण गंमत अशी की आंबा सगळ्यांचा एकदमच तयार होतो, त्यामुळे ज्या दिवशी आपल्याला टेम्पो हवा त्याच दिवशी तो अख्ख्या गावाला हवा असतो. एका एप्रिलमध्ये भरून बांधलेल्या ३५ पेट्या दोन दिवस पडवीत पडून राहिल्या, घरभर वास सुटला आणि प्रत्येक पेटीत दोन-चार फळं पिवळी व्हायला लागली, तेव्हा ठरवलं की आता स्वतःची पिकअप घ्यायची. फक्त दोन गाड्या पोसायची ऐपत नाही, म्हणजे जी काय येईल तिनेच मुलीला शाळेत सोडायचं, बाबांना कणकवलीला डॉक्टरकडे न्यायचं, बँक, बाजार, सगळंच.

आता खरं सांगतो, आधी मी व्हिडिओ बघून इसुझू व्ही-क्रॉसच्या प्रेमात पडलो होतो. १.९ लिटरचं इंजिन आणि १६३ हॉर्सपॉवर, आत बसलं की एसयूव्हीच वाटते, पांढऱ्या पाटीवर प्रायव्हेट पासिंग होतं. टोयोटाची हायलक्सपण बघितली, पण ती २०२२ साली आली तेव्हाच ३४ लाखांच्या घरात होती, त्यामुळे तिचे फोटो बघून झाले आणि विषय संपला. व्ही-क्रॉसचा हट्ट मात्र मी महिनाभर सोडला नाही. शेवटी बाबांनी एक दिवस काहीच न बोलता माडाची सुंभ घेतली, मला लांबी विचारली (५.३ मीटर), तेवढी सुंभ मोजून गाठ मारली आणि आमच्या पाणंदीच्या वळणावर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला धरून उभे राहिले. "झिला, ही वळतली खय?" एवढंच म्हणाले. गडगा माझ्या आजोबांनी रचलेला, तो पाडायचा तर पलीकडची जमीन चुलत्यांची. म्हणजे व्ही-क्रॉसला माझ्याकडून नकार गेला तो ॲव्हरेजमुळे नाही आणि किमतीमुळेपण नाही (म्हणजे किमतीमुळे जायलाच हवा होता), तो गेला गडग्यामुळे.

त्यानंतर डोकं जरा ठिकाणावर आलं आणि मी एक काम केलं, जे खरं तर पहिल्यांदा करायला हवं होतं. मागच्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, टेम्पोवाल्याला पैसे दिल्याच्या नोंदी त्यावरच होत्या, आणि वर्षात हौदा खरोखर किती दिवस भरला असता ते मोजलं. आंब्याच्या खेपा २७. फवारणीचं पाणी वरच्या बागेत न्यायला १० दिवस, त्यात २०० लिटरची दोन पिंपं म्हणजे ४०० किलो, वर फवारणीचा एचटीपी पंप आणि दोन माणसं. शेणखत ५. बांधकामाचे जांभ्याचे चिरे ३. फणस, काजू बी, कुणाचं लग्नाचं सामान असं धरून आणखी चार-पाच. झाले ५० दिवस. उरलेले ३१५ दिवस हौद्यात काय, तर एक भाजीची पिशवी आणि मुलीची सायकल!

हे ५० आणि ३१५ एकदा कागदावर आले की अर्ध्या गाड्या आपोआप यादीतून उडतात. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ साली आला तेव्हापासून कोकणातल्या वाड्या-वाड्यांत त्याच्याइतका कामाचा गडी दुसरा नसेल, पाऊणएक टन उचलतो आणि बोळात वळतो. मारुतीची सुपर कॅरीपण चालवून बघितली, सीएनजीवर किलोला २३ च्या वर देते असं कंपनी सांगते आणि चालवायला अगदी कारसारखी हलकी. वजनाचं गणितपण फार वाईट नाही, एक पाच डझनाची पेटी फळं, गवत, लाकूड मिळून १८-२० किलो धरा, म्हणजे ३० पेट्या ६०० किलो, सीएनजी मॉडेलच्या सव्वासहाशे किलोच्या क्षमतेत जेमतेम बसतात. पण सीएनजी भरायला आम्हाला हायवेला जावं लागतं आणि मे महिन्यात तिथे मुंबईकरांची रांग. आणि मुख्य म्हणजे दोघांचीच सीट. बायको म्हणाली, "अहो, बाबा पुढे, तुम्ही चालवणार, मग मी आणि पोर हौद्यात का?" गणपती हौद्यातून आणतात आमच्याकडे, पण माणसं बसवणं बेकायदेशीर आहे आणि तिचा चेहरा बघता मी पुढे काही बोललो नाही.

म्हणजे राहिली डबल केबिन, मागेपण सीट असलेली. टाटा योद्धाची क्रू कॅब आणि महिंद्राची बोलेरो कॅम्पर. योद्धाचं इंजिन २.२ लिटर, १०० हॉर्सपॉवर, ताकदीला उजवी. कॅम्परचं २५२३ सीसी आणि ७५ हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिन व्ही-क्रॉसपेक्षा मोठं आणि पॉवर निम्म्याहून कमी, ऐकायला विचित्र वाटतं. पण असली इंजिनं खालच्या आरपीएमला ओढतात, घाटात पेट्या भरून दुसऱ्या गिअरवर चढायला तेच लागतं. गिअरपण ओझ्याच्या हिशोबाने लावलेले असतात, त्यामुळे हायवेला ८० च्या वर गेलं की इंजिन ओरडायला लागतं आणि डिझेल पितं. कोकणातल्या रस्त्यांवर ८० ला जाणार कुठे हा वेगळा प्रश्न, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून ऐकतोय आम्ही. मला कॅम्पर बरी वाटली ती दोन कारणांनी. व्ही-क्रॉसपेक्षा हातभर आखूड (सुंभ परत काढली होती), आणि हिचं काम करणारा मेस्त्री आमच्यापासून चार किलोमीटरवर आहे.

नवी की जुनी यावर मात्र खूप घोळ घातला. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. साठलेली काजळी जाळायला गाडी मधून मधून सलग गरम चालावी लागते. आमचं रोजचं चालणं म्हणजे घर ते शाळा चार किलोमीटर, इंजिन तापतंय न तापतंय तोवर बंद. अशा चालवण्याने फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, मग मुद्दाम हायवेला नेऊन अर्धा तास फिरवा, म्हणजे वाचवलेलं डिझेल तिथे जाळा. शोरूममध्ये हे विचारलं तर त्या मुलाने "सर, तसं काही होत नाही" म्हणून मला ऑफरचा कागद दिला. मेस्त्रीला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "तुझ्या शाळेच्या फेऱ्येक जुनीच बरी." घाटावर रोज जाणाऱ्याने नवी घ्यावी, त्याला हा त्रास नाही. मी २०१९ ची बीएस-४ शोधली.

आणि शोधली ती मुद्दाम कोल्हापूर बाजूची. किनाऱ्यावरची जुनी पिकअप घेताना सगळ्यात आधी ती मासळीला लावलेली होती का ते बघायचं, कारण बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकतं आणि वरून कितीही रंग मारला तरी खालून चासी पापडासारखी झालेली असते. हौद्याखाली झोपून टॉर्च मारा, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मला मिळाली ती गुऱ्हाळाला गूळ वाहणारी होती. मुंग्या पुढचे दोन महिने निघत होत्या, पण गंज नव्हता. एमएच ०९ ची एमएच ०७ करायला एनओसी आणि आरटीओच्या खेपा झाल्या, त्या सांगत नाही, प्रत्येकाने भोगलेलंच आहे.

आता पिवळ्या पाटीचं. कमर्शियल पासिंग म्हणजे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. लायसन्सची भीती घालतात लोक, पण साडेसात टनांच्या आतल्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे कारचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ ला ते परत पक्कं केलंय. खरा चटका विम्याचा. २०२२ च्या दरांप्रमाणे मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये आणि १५०० सीसीवरच्या प्रायव्हेट गाडीचा ७,८९७, म्हणजे नुसत्या पाटीच्या रंगाचे आठ हजारांवर. आता हे "किती देते" बरोबर ठेवून बघा. माझं वर्षाचं चालणं १२,००० किलोमीटर. लिटरला १३ देणाऱ्या गाडीला ९२३ लिटर लागतं, १५ देणारीला ८००. फरक १२३ लिटर, डिझेल ९० रुपये धरलं तर ११ हजार. म्हणजे ज्या दोन किलोमीटरवरून लोक चहाच्या टपरीवर भांडतात तो फरक वर्षाला अकरा हजारांचा, आणि त्यातले आठ पाटीनेच नेले, ते कुणी विचारतच नाही. टेम्पोच्या भाड्याचे माझे वर्षाचे ६०-६५ हजार जायचे, ते वाचले हे वेगळंच.

तर, आकडे. टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, वहीत लिहून. एआरएआय (गाड्या तपासणारी संस्था) देते तो आकडा रोलरवर काढलेला असतो, तिथे पाणंद नसते आणि जुलैपण नसतो. गाव, शाळा, बाजार असं नुसतं फिरणं, ११.८ ते १२.५. कणकवली, मालवण अशा रिकाम्या फेऱ्या ६०-६५ च्या स्पीडने, १४.२ पर्यंत. तीच फेरी एकदा उशीर झाला म्हणून ८० ने मारली तर १२.३. ४० पेट्या भरून फोंडा घाटातून कोल्हापूर आणि रिकामी परत, १०.९. पाणी वाहायचे दिवस तर बघूच नका, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बाग चढायची, ८ च्या खालीच. वर्षाची सरासरी १२.४ आली.

घाटावरून आठवलं. उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत, माझा एक मावसभाऊ त्यातलाच. अरे बाबांनो, या कॉमनरेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावं लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर. पेट्या भरलेल्या गाडीचे ब्रेक करूळ घाटाच्या उतारावर तापले की वास येतो तो मी घेतलाय, दुसऱ्याच्या गाडीत बसून.

रोजच्या वापरात त्रास काय, तर रिकामी असताना उड्या. पाट्यांवरची कुठलीही पिकअप घ्या, मागे टनभर वजन येईल असं धरूनच पाटे बसवलेले असतात, हौद्यात भाजीची पिशवी असली तर ते हलतच नाहीत आणि मग प्रत्येक खड्डा कमरेत. मागच्या टायरात लोडची हवा भरून तशीच फिरवायची नाही, स्टिकरवर रिकामीचं प्रेशर वेगळं दिलेलं असतं. दुसरं म्हणजे पावसात मागची चाकं घसरतात. पहिल्याच जुलैत आमच्या जांभ्याच्या चढावावर, शेवाळ धरलेलं, गाडी अर्ध्यावर जाऊन नुसती चाकं फिरवत राहिली, हाफ क्लचवर मी जोर करत राहिलो आणि क्लचचा वास घरापर्यंत गेला. चूक माझीच. मेस्त्री आला आणि म्हणाला, "मागे वजन घाल रे मेल्या." तेव्हापासून जून ते सप्टेंबर हौद्यात मागच्या चाकांवर चार चिरे दोरखंडाने आवळून बांधलेले असतात, सव्वाशे किलो. ॲव्हरेजला पाव किलोमीटरचा फरक पडला असेल नसेल, पण उड्यापण कमी झाल्या, मुलगी म्हणते पावसाळ्यात गाडी चांगली चालते.

बाबा आता रोज सकाळी तिच्यातून बाजारात जातात, माझ्याबरोबर पुढे बसून. परवा आम्ही मासळी बाजाराबाहेर उभे होतो, एकाने खिडकीपाशी येऊन नेहमीचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "पाणंदीत वळता," आणि काच वर केली.