टॅपिंगचा प्रस्ताव आला की सरकारी वकिलाने फाइल कुठून वाचावी

फोन टॅपिंगच्या प्रस्तावावर 'तातडीचे' हा शेरा बहुधा असतोच. त्यामुळे अभिप्राय देणारा विधी अधिकारी पहिलं पान आणि शेवटची सही बघून मोकळा होतो. पण आदेश न्यायालयात टिकणार की पडणार, हे मधल्या एका परिच्छेदात ठरतं: टॅपिंग का हवंय. वाचायला तिथूनच घ्यावं.

दूरसंचार अधिनियम, २०२३ चं कलम २०(२) असो की त्याआधीच्या १८८५ च्या तार अधिनियमाचं कलम ५(२), पायऱ्या दोन आहेत. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न दिसला पाहिजे. तो दिसला तरच दुसरी पायरी: देशाची अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला मिळणारी चिथावणी रोखणं. 'गुन्ह्याचा तपास' हे कारण या यादीत नाही. ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये आहे, आणि तिथे पहिली पायरीही नाही. एका कलमाचा मसुदा दुसऱ्यात चिकटवला की आदेशाचा पायाच जातो.

प्रस्तावातलं ठरावीक वाक्य असं असतं: 'सदर इसम गंभीर गुन्ह्यांत सहभागी असल्याची गोपनीय माहिती प्राप्त झाली असून सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितास्तव खालील क्रमांक निरीक्षणाखाली घेणे आवश्यक आहे.' कायद्याचे शब्द आले, पण धोका कोणाला आणि कसला, ते आलंच नाही. अशी फाइल परत पाठवताना 'सविस्तर खुलासा करावा' असं मोघम लिहू नये. तेच वाक्य आणखी लांब होऊन परत येतं. प्रश्न नेमके विचारावेत. माहिती कोणत्या तारखेची? सिम कोणाच्या नावावर आणि प्रत्यक्ष वापरतो कोण, हे कशावरून ठरवलं? पाळत, खबरे, सीडीआर (कोणाला कधी फोन केला याची कंपनीकडची नोंद) यांपैकी काय करून पाहिलं आणि ते का पुरलं नाही? हा शेवटचा प्रश्न वकिलाचा खवचटपणा नव्हे. दुसऱ्या वाजवी मार्गाने माहिती मिळणार नसेल तरच टॅपिंग, असं नियमच सांगतो.

मोबाइल क्रमांक प्रस्ताव, आदेश आणि कंपनीला जाणारं पत्र या तिन्ही ठिकाणी अंकागणिक ताडून पाहावा. कारकुनी काम वाटेल, पण एक अंक चुकला तर भलत्याच माणसाचं बोलणं ऐकलं जातं.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये २००९-१० मधले तीन टॅपिंग आदेश रद्द केले. प्रकरण बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपाचं होतं. त्यात सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कुठे दिसतो, याचं उत्तर सरकारपक्षाकडे नव्हतं. रेकॉर्डिंगच्या प्रती नष्ट करण्याचाही आदेश झाला. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही लाचखोरीच्याच प्रकरणात तसाच निकाल दिला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या भ्रष्टाचाराला सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत धरलं. म्हणजे लाचखोरीच्या प्रकरणात मुद्दा वादाचा आहे. महाराष्ट्रातल्या वकिलाने मुंबईचा निकाल समोर ठेवूनच अभिप्राय द्यावा. दिल्लीचा आधार घेऊन सही मिळवणं म्हणजे पुढच्या वकिलाच्या गळ्यात धोंड बांधणं.

मुदतींचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. आदेश ६० दिवसांचा आणि मुदतवाढी धरून एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. राज्यात मंजुरी गृह सचिवांची. तातडीच्या वेळी मंजुरीआधीच टॅपिंग सुरू करायचं तर विशेष पोलीस महानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो, ३ कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं आणि ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी यावी लागते. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार ती आली नाही, तर ऐकलेलं काहीही वापरता येत नाही, पुरावा म्हणूनसुद्धा. लागून आलेल्या सुट्ट्यांत ही मोजणी हमखास गंडते, म्हणून शेवटची तारीख टिपणीतच लिहून टाकावी. मुदतवाढीच्या प्रस्तावात पहिल्या ६० दिवसांत हाती काय लागलं ते नसेल, तर तो पहिल्याच प्रस्तावाची झेरॉक्स समजावा.

मकोकाची, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याची, वाट वेगळी आहे. तिथे स्वतःचं कलम, आदेश तपासणारी स्वतःची पुनर्विलोकन समिती आणि तातडीच्या वेळी अर्जासाठी ४८ तासांची मुदत आहे. खटल्याच्या किमान १० दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि अर्जाची प्रतही द्यावी लागते. दोन्ही कायद्यांचा उल्लेख एकाच आदेशात 'असू दे' म्हणून करू नये. बचाव पक्ष मग दोन्हीकडच्या त्रुटी मोजतो.

दूरसंचार अधिनियमाखालच्या आदेशाची प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत मुख्य सचिवांच्या पुनर्विलोकन समितीकडे गेली का, याची जावक नोंद फाइलीला लावून घ्यावी. काही वर्षांनी शपथपत्र करताना 'पाठवले होते' एवढ्यावर भागत नाही. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वापरायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळण्याचा संगणकीय ठसा) लागतं.

आणि एक अडचण. टॅपिंगचे अभिलेख दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे असतात, कामासाठी किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे लागणार असतील तेवढे सोडून. आदेशाला आव्हान मिळतं ते बहुतेकदा खूप उशिरा. तोवर कारणांची मूळ टिपणीच गेलेली असते. म्हणून याचिकेची नोटीस हाती पडताच गृह विभागाला आणि तपास यंत्रणेला त्या आदेशाचा क्रमांक टाकून, हे अभिलेख नष्ट करायच्या यादीतून वगळावेत असं पत्र त्याच दिवशी द्यावं आणि पोच घ्यावी.