सुळ्याचा खुंटा

गेल्या वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी दातांना क्लिपा बसवून घेतल्या. आई म्हणाली, "आता काय गं ही हौस?" हौस नव्हती. वरचे पुढचे दात खालच्यांवर आपटून दोघांच्या कडा झिजल्या होत्या, आणि गार पाणी प्यायलं की डोक्यात कळ जायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी सगळं तपासून सांगितलं की वरच्या दोन उपदाढा काढायच्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत सुळे मागं ओढून घ्यायचे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिझाइन विभागात आहे. बेअरिंग हाऊसिंग, पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट यांचं स्ट्रेस अॅनॅलिसिस, म्हणजे भार आला की कुठं किती ताण पडतो ते काढणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळं "ओढायचे" ऐकल्यावर तोंडातून पहिला प्रश्न निघाला, "किती जोरानं?" मॅडम म्हणाल्या, "दीडशे ग्रॅम." म्हणजे दीड न्यूटन. आमच्याकडं साध्या बोल्टवरसुद्धा हजारांत न्यूटन असतात. मी विचारलं, दुप्पट लावून निम्म्या वेळात होणार नाही का? त्या म्हणाल्या, "जास्त लावलं तर दात थांबेल." मला ते पटलं नाही. घरी येताना स्कॅनची सीडी मागून आणली.

थ्रीडी स्लायसर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात स्कॅनमधून दात आणि जबड्याचं हाड वेगळं काढता येतं. एका सुळ्याला तीन रविवार लागले. मग जाळी पाडून, म्हणजे त्याचे छोटे छोटे तुकडे करून, कॅल्क्युलिक्स या ताण काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिला. ताठपणाचे आकडे भरले: दाताच्या आतल्या डेंटिनला १८.६ गिगापास्कल, बाहेरच्या टणक हाडाला १३.७, आतल्या सच्छिद्र हाडाला १.३७, स्टीलच्या तारेला २००. दात हाडात थेट रुतलेला आहे असं धरलं. निकाल आला तेव्हा सगळ्यात जास्त ताणाचा लाल ठिपका दाताला चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर. जाळी बारीक केली की आकडा आणखी चढायचा. कास्टिंगमध्ये हे रोज बघते. धारदार आतल्या कोपऱ्यावर गणितातला ताण कितीही वाढवता येतो, त्याला अर्थ नसतो. पण बाकीचा दात निळाशार होता, म्हणजे काहीच घडत नव्हतं. आणि माझ्या तोंडात तर दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा तुकडा तोडता येत नव्हता. आई पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून द्यायची, तीही मी जिभेनं दाबून गिळायची.

चूक दाताच्या आणि हाडाच्या मध्ये होती. दात हाडाला चिकटलेला नसतोच. मुळाभोवती तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा एक पातळ पडदा असतो, दातांचे डॉक्टर त्याला पीडीएल म्हणतात. जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. माझ्या स्कॅनचं चित्र ज्या ठोकळ्यांचं बनलंय त्यातला एक ठोकळाही ०.२ मिलिमीटरचाच, त्यामुळं तो पडदा चित्रात धड दिसतही नाही. मुळाचा पृष्ठभाग ०.२ मिलिमीटर बाहेर फुगवून तो हातानं तयार करावा लागतो. त्याला मी ०.६८ मेगापास्कल ताठपणा दिला. डेंटिनपेक्षा हा पडदा सत्तावीस हजार पट मऊ झाला! शिवाय पाण्यासारखा, दाबला तरी आकारमान न बदलणारा. असल्या मटेरियलला जाळीचे साधे तुकडे, चार नोडचे (चार बिंदूंचे) टेट्रा, दिले की ते आखडून बसतात आणि पडदा खोटाच ताठ होतो. दहा नोडचे घेतल्यावर पहिल्यांदा दात हलला.

या पडद्याच्या ताठपणासाठी संशोधकांनी वापरलेले आकडे ०.०७ पासून १७५० मेगापास्कलपर्यंत आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. मटेरियल एवढं अनिश्चित असलेलं मॉडेल आमच्या कंपनीत कुणी बघणारही नाही. पण दोन दिवसांनी लक्षात आलं की पडदा दातापेक्षा आणि हाडापेक्षा खूप मऊ आहे तोवर दात एखाद्या टणक खुंट्यासारखा वागतो, आणि पडद्यावरचा दाब बराचसा बलांच्या हिशेबातूनच ठरतो. ताठपणा बदलला तर दात किती सरकतो ते बदलतं, दाब कुठं पडतो ते फारसं बदलत नाही. मला दाबच हवा होता.

खुंटा हा शब्द मुद्दाम वापरला. आजोळी, कागलजवळ, पावसाळ्यात म्हैस खुंट्याला हिसका द्यायची. खुंटा अख्खा सरकत नाही. वरचं टोक म्हशीकडं झुकतं, खालचं टोक चिखलात उलट्या बाजूला जातं. सुळ्याचं तेच. सुळा मागं ओढणारी साखळी ओढते ब्रॅकेटला, आणि दाताचा प्रतिकाराचा मध्य, म्हणजे जिथं ओढलं तर दात न झुकता सरळ सरकेल तो बिंदू, असतो मुळात, माझ्या मॉडेलमध्ये ब्रॅकेटपासून १० मिलिमीटर वर. दीड न्यूटन सगळ्या मुळावर सारखा पसरला, मुळाची समोरून दिसणारी बाजू ९० चौरस मिलिमीटर धरली, तर दाब येतो १७ किलोपास्कल. आमच्या एफजी २६० प्रतीच्या बिडाची ताकद याच्या पंधरा हजार पट. पण दात झुकला की इमारतीच्या पायातल्या फुटिंगवर कडेला भार आल्यावर वापरतो तेच सूत्र लागतं, आणि हिरडीजवळच्या कडेला दाब जवळपास पाचपट होतो. मॉडेलमध्येही लाल रंग तिथंच उतरला, आणि मुळाच्या टोकाशी विरुद्ध बाजूला थोडा.

मग मॅडमचं म्हणणं कळलं. १९३२ साली श्वार्झ यांनी सांगितलं होतं की दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाइतकाच ठेवा, दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. म्हणजे जेमतेम अडीच किलोपास्कल. माझे १७ याच्या कितीतरी वर आहेत, तरी दात सरकतो, कारण मॉडेलमधला दाब तंतू, द्रव, वाहिन्या सगळ्यांचा मिळून आहे. पण कारण खरं आहे. रक्त थांबलं की त्या जागच्या पेशी मरतात, पडद्याचा तो भाग काचेसारखा निर्जीव दिसतो. हाड पोखरणाऱ्या पेशी समोरून येऊ शकत नाहीत, त्यांना मागच्या बाजूनं, हाडाच्या आतून यावं लागतं. त्यात आठवडे जातात. दात ओढून सरकत नाही, समोरचं हाड शरीरानं काढून दिलं तर सरकतो. हे मला डोळ्यांसमोर रंग दिसल्याशिवाय कळलं नसतं, आणि मी दुप्पट जोराचा आग्रह धरला होता याचं वाईट वाटलं.

तारेचा भाग मला सगळ्यात आवडला. सुरुवातीला गोल निकेल-टायटॅनियमची तार होती, ०.०१४ इंची. आता ०.०१९ बाय ०.०२५ ची चौकोनी स्टीलची आहे, ब्रॅकेटच्या ०.०२२ इंची खाचेत. म्हणजे तीन थाऊचा, इंचाच्या तीन हजारांशांचा, ढिलेपणा. उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, एवढ्या ढिलेपणात साडेतीन मिलिमीटर रुंदीचा ब्रॅकेट किती तिरका होईल? सव्वा अंश. सुळा तेवढा झुकतो, मग खाचेचे समोरासमोरचे दोन कोपरे तारेला धरतात, आणि तिथून तार त्याला उभा करायला लागते. झुकणं पूर्ण थांबवायला १५ न्यूटन-मिलिमीटरचा पीळ हवा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ४.३ न्यूटन. ओढतोय दीड न्यूटननं आणि कोपरे दाबताहेत त्याच्या जवळपास तिप्पट! घर्षणांक ०.१५ धरला तर १.३ न्यूटन घर्षणातच खर्च. कपाटाचा खण एका बाजूनं ओढला की अडकतो, तसं. सुळा झुकतो, अडकतो, हाड बदलेल तसा उभा होतो, अडक सुटते, थोडा घसरतो, परत झुकतो.

मागच्या भेटीत मी मॅडमना ही चित्रं दाखवली. त्यांनी पेशंट थांबवून ठेवून दहा मिनिटं बघितली. मी विचारलं, ओढ वरून दिली तर? ब्रॅकेटला सहा मिलिमीटरची उभी तार लावली, तर बल प्रतिकाराच्या मध्याजवळ जातं, १० चं अंतर ४ होतं आणि कडेचा दाब पाचपटीवरून अडीचपटीवर येतो. त्या म्हणाल्या, "पॉवर आर्म म्हणतात त्याला. हिरडीला आणि ओठाला टोचेल, चालेल?" मी म्हटलं, चालेल. फक्त डाव्या बाजूला लावायचं ठरलं, उजवी आहे तशीच.

आज सकाळी आरशासमोर व्हर्नियर धरून दोन्हीकडची फट मोजली. डावीकडं ४.१, उजवीकडं ४.३ मिलिमीटर. आर्म गुरुवारी बसणार आहे. ऊस सोलून खाता येत नाही म्हणून आई घरासमोरच्या गाड्यावरून रस घेऊन आली आहे, आणि डाव्या सुळ्याचं नवं मॉडेल आत लॅपटॉपवर चालू आहे.