डावं वर गेलंय

परवा रविवारी दुपारी आरशासमोर पदर सारखा करून मी पिन उचलली, तेवढ्यात बायको आतून ओरडली, "अहो, खाली लावू नका हं! टोचली की गेला सगळा पैसा." मी खांद्यावरच लावणार होतो. पण नवऱ्याच्या हातात सेफ्टी पिन दिसली की तिचा जीव खालीवर होतो, त्याला इलाज नाही.

आमच्या घरात 'जोडी' म्हणतात. जोडी म्हणजे सिलिकॉनचे दोन फॉर्म, ब्रात ठेवायचे खोटे स्तन. वरून पातळ पापुद्रा, आत घट्टसर जेल. पिन, ब्रोच, बांगडीचं फुटकं टोक, काहीही लागलं की आतलं चिकट बाहेर यायला लागतं आणि मग पट्ट्या चिकटवून दिवस काढायचे. म्हणून पिन नेहमी खांद्यावर, ब्राच्या पट्ट्यात अडकवून.

मी का नेसतो, कधीपासून, हे सांगत बसत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळतं. जोडी मिळवणं आता सोपं झालंय, कुरिअरवाला साध्या खोक्यात घरपोच देऊन जातो. तिच्यावर घालायचं काय, ही खरी कटकट.

जॉर्जेट मला चालत नाही म्हणजे नाही. अंगाला चिकटतं आणि जिथं सिलिकॉन संपून आपली छाती सुरू होते, नेमकी ती कड दाखवतं. साटीन त्याहून वाईट, उजेड पडला की कडेची रेघ चमकायला लागते. माझा जीव सुती इरकलीत. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावर म्हाताऱ्या बायकांच्या पसंतीच्या इरकली अजून मिळतात. दुकानदार विचारतो, "आईसाठी का?" मी हो म्हणतो. खोटं नाही, आईलाही एक घेतो. इरकल जराशी ताठ असते, अंगापासून सुटून राहते, आपली घडी आपण धरते. त्यावर खणाचं ब्लाऊज घातलं की बघणाऱ्याचा डोळा बारीक नक्षीत अडकतो, कडेपर्यंत पोचतच नाही.

गळ्याचं मात्र भिजत घोंगडं आहे. खोल गळा घ्यावा तर कड दिसते. बोटनेक घ्यावा तर कड झाकते, पण आधीच दणकट असलेले खांदे आणखी रुंद दिसतात आणि आरशात कबड्डीचा संघनायक उभा राहतो. पंजाबी ड्रेसला मग बेताचा व्ही गळा आणि त्यावर ओढणी, नाहीतर छातीखाली शिवण असलेला घेरदार अनारकली, म्हणजे नसलेल्या कमरेला जरा आधार मिळतो. फुग्याच्या बाह्या कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत. पण या सगळ्याचं उत्तर पदराकडे आहे, असं माझं मत झालंय. पदर तिरका जातो. या खांद्यावरून त्या कमरेकडे उतरता उतरता तो रुंदीचे दोन तुकडे करून टाकतो. कड झाकली, खांदे मोडले, पोटही थोडं लपलं. एका कापडानं आणखी किती करायचं?

ब्लाऊज शिवायला आमच्या गल्लीच्या पलीकडे एक मावशी आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा बहिणीचं आहे म्हणून सांगितलं.

"ताईचं माप आनलाव का?"

चिठ्ठी दिली. बायकोनंच टेपनं घेतलेलं माप. मावशींनी चिठ्ठी वाचली, मग माझे खांदे वाचले.

"ताई खांद्याला तुमच्यावरच गेल्यात म्हना की."

"सख्खी आहे."

"मग कटोरी नको, दादा. कटोरीत सगळं जिथल्या तिथं बसावं लागतंय, जरा हाललं की शिवण एकीकडं अन् बाकीचं दुसरीकडं. चार टक्स मारते." खडू कापडावर चालतच होता, मान काही वर झाली नाही. "टोक खांदा अन् कोपराच्या मधोमध धरते. मुंढा सैल ठेवते. बाही कोपरापस्तोर. अस्तर लावू न्हवं?"

"लावा."

"हुका म्होरल्या अंगाला देते. ताईला एकटीला घालाया बरं."

तेव्हापासून ताईची सगळी ब्लाऊजं तिथंच. ताईला एकदा घेऊन या, असं मावशी कधी म्हणाल्या नाहीत.

फिटिंगची गोष्ट निघाली की मला आजोळची जत्रा आठवते. औसा तालुक्यातलं गाव, देवळापुढं मांडव, रात्री भारूड. पैठणच्या नाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वी सून होऊन, जोगतीण होऊन, वेडी होऊन जे लिहून ठेवलं, ते आमच्याकडं मिशा काढलेले गडी लुगडं नेसून गायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मी पाणी द्यायच्या निमित्तानं मांडवामागं गेलो होतो. तिथं एक जण हिरवं लुगडं नेसून बिडी ओढत उभा होता. चोळी बहुतेक त्याच्या बायकोची. पाठीत आवळत होती म्हणून मागून उसवून सुतळीनं बांधलेली. बिडी ओठात तशीच ठेवून त्यानं धोतराच्या फडक्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या चोळीत सरकवल्या, वरून थापटल्या आणि माझ्यापुढं ताठ उभा राहिला.

"पोरा, सारखं हाय का बघ."

मी दोन पावलं मागं सरकून नीट पाहिलं. "डावं वर गेलंय."

त्यानं हात घालून डावं खाली ओढलं. "आता?"

"आता बरंय."

एवढंच. पण एका मोठ्या माणसानं इतक्या गंभीरपणे माझं मत विचारलं होतं, आणि मानलंही होतं. पुरचुंड्यांत ज्वारी होती. तिच्या वजनानं उतार अगदी खरा यायचा. हे जाणकारांनाच कळेल. चिंध्या भरल्या की नुसता फुगवटा येतो, ज्वारी भरली की उतार येतो. सिलिकॉननं वेगळं काय केलंय? फक्त उंदरांची भीती गेली.

आकाराचा हव्यास हा आमच्यातला जुना रोग. नवा माणूस हमखास सगळ्यात मोठी जोडी मागवतो. रुंद छातीवर तीच जोडी लहान दिसते हे खरं, म्हणून थोडी वाढीव घ्यायला हरकत नाही, पण थोडी. किलो-किलोचं ओझं दोन्हीकडं लटकवून पट्टे खांद्यात रुतवून घ्यायचे, आणि त्यावर एकही शिवलेलं ब्लाऊज बसत नाही म्हणून कुरकुरायचं. बालगंधर्व (१८८८–१९६७) जसे नेसत तसं नेसायला घरंदाज बायका शिकल्या म्हणतात. त्या माणसाच्या फोटोत बघा, सगळं कसं बेतात आहे. नजर पदरावर आणि मानेवर जाते.

ऋतूचंही बघावं लागतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या पुढं जातो, तेव्हा जोडीमागं घामाची धार लागते, पावडर लावा नाहीतर काही लावा. माझा हंगाम दिवाळी ते होळी. थंडीत जोडी पहिल्यांदा अंगाला लावताना जो गार चटका बसतो, त्यावर उपाय म्हणून बायको ती शालीत गुंडाळून ठेवते. न सांगता.

ही वस्तू मुळात आमच्यासाठी निघालेली नाही. कॅन्सरनं ज्यांचा स्तन काढावा लागला त्या बायकांसाठी ती आहे, आम्ही आपले मागच्या दारानं आलेलो. हे मला माहीत होतं, पण त्याचा विचार करायची वेळ आली ती आत्यामुळं. तिचं बार्शीला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. तेव्हापासून ती चोळीत जुन्या लुगड्याची घडी ठेवते. घडी हलकी. हलकी म्हणून वर चढते. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नात ती अक्षता पडेपर्यंत पदराआड हात घालून काहीतरी खाली ओढत होती. कुणाच्या लक्षात आलं नसावं. मला तिच्याकडं बघवेना आणि नजरही हलेना. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, चालणं एका अंगाला कललेलं. तिला कोणत्या आकाराचा फॉर्म लागेल, वजन किती हवं म्हणजे तो जागेवर राहील आणि पाठही सरळ होईल, ब्राला आतून खिसा कसा शिवायचा, चोळीचे टक्स कुठं घ्यायचे, हे सगळं मला मांडवात उभ्या उभ्या सांगता आलं असतं. तुला रे कसं ठाऊक, असं तिनं विचारलं असतं तर?

शेवटी बायकोनं अंगावर घेतलं. मैत्रिणीच्या आईला असंच आणलंय, चांगलं आहे, म्हणून तिनं एक मागवला, डावा. आत्या आमच्याकडं आली तेव्हा पुढ्यात ठेवला. आत्यानं तो हातावर घेतला, दाबला, तोलला.

"गार हाय गं."

"अंगाला लागला की गरम होतो, आत्या."

आत्या बराच वेळ उलटापालटा करत होती. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती आमच्याकडंच राहायला होती. हंडे मोजून ठेवायची. तिला शंका आली ती तिच्या हिशेबानं बरोबरच होती.

"ह्याला रोज धुवाया पानी किती लागतंय?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "एक तांब्या पुरतो."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. मी चहा टाकायला उठलो.