पंप मेला नव्हता

“हायड्रॉलिकचा पंप गेलाय म्हणून आत्तापर्यंत तिघांनी सांगितलंय. तुम्ही एकदा बघा, मग नवा घेऊ,” काका म्हणाले आणि सीटवरून उतरले.

ट्रॅक्टर होता फर्ग्युसन टीई-२०, करड्या रंगाचा, त्यांच्या वडिलांच्या हातचा. हे मॉडेल १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला बनलं, पाच लाखांहून जास्त नग. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन. असं यंत्र दारात आलं की मी आधी नुसता बघत उभा राहतो. त्या दिवशी मात्र बघताना मन रमेना, कारण उजव्या मडगार्डला दोन लिव्हरचा एक चकचकीत वॉल्व्ह बोल्टने आवळलेला होता आणि त्याचे पाइप कसेही वळवलेले होते.

काकांनी मागे टिपिंग ट्रॉली, म्हणजे माल ओतायला जॅकने वर उचलली जाणारी ट्रॉली, जोडून आणली होती. तिचा जॅक एकेरी, म्हणजे ऑइलने वर जाणारा आणि वजनाने खाली बसणारा. जुन्या ट्रॅक्टरला बाहेर ऑइल द्यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हा वॉल्व्ह कुणाकडून तरी बसवून घेतला होता. लिफ्टच्या, म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेच्या, हाउसिंगवरचा प्लग काढून तिथून प्रेशरची लाइन घेतलेली, आणि वॉल्व्हची परतीची लाइन गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या तोंडात सोडलेली.

“होतंय काय नेमकं?”

“ट्रॉली उचलतच नाही. आणि आता मागचे हातही उचलत नाहीत. पूर्वी नांगर कसा अलगद उचलायचा!”

मी इंजिन चालू केलं, पीटीओ (इंजिनाच्या जोरावर फिरणारा, अवजारं चालवायचा शाफ्ट) टाकला, सीटजवळचा लिव्हर वर केला. लिफ्टचे हात ढिम्म. मग नव्या वॉल्व्हचा लिव्हर ओढला, तर हात सरसर वर आले आणि ट्रॉली जागची हलली नाही. लिव्हर सोडला, हात धपकन खाली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. ट्रॉलीचा लिव्हर ओढल्यावर नांगराचे हात वर येतात, हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा म्हणाला, “दादा, पाइप उलटसुलट जोडलेत.” मलाही आधी तेच वाटलं. पाऊण तास आम्ही एकेक लाइन हाताने माग काढत तपासली. जोडणी बरोबर होती.

मग पंपाचा निकाल लावायचं ठरवलं. ट्रॉलीची होज (ऑइलची रबरी नळी) काढून तिथे प्रेशर मोजायचा गेज लावला आणि वॉल्व्हचा लिव्हर ओढला. हात वर जाईपर्यंत काटा जेमतेम थरथरला, ते टोकाला पोहोचले आणि पंप गप्प झाला. रिकाम्या हातांवर प्रेशर चढणार तरी कसं? म्हणून दोन्ही हात खाली जाड साखळीने चेसिसला जखडले, वर येऊच नयेत असे. पुन्हा लिव्हर ओढला. काटा एका दमात १४० बारला गेला आणि सेफ्टी वॉल्व्ह करकरला.

काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पंप ठणठणीत होता. आणि ती साखळी हातात असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला.

या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक्स, म्हणजे ऑइलच्या जोरावर उचलायची यंत्रणा, आजच्यासारखी चालत नाही. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत पंप सतत ऑइल फिरवत राहतो आणि वॉल्व्ह ते हवं तिकडे वळवतो. फर्ग्युसनचा चार पिस्टनचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलमध्येच बुडालेला, पीटीओच्या शाफ्टवर फिरणारा. त्याचा कंट्रोल वॉल्व्ह ऑइल बाहेर पडण्याच्या वाटेवर नाही, आत येण्याच्या वाटेवर आहे. लिव्हर वर केला तरच पंपाला ऑइल मिळतं. हात पार वर गेले की लिफ्टचा पिस्टन त्या कंट्रोलला ढकलून वाट बंद करतो. काम नसेल तेव्हा पंप ऑइल न ओढता नुसताच फिरतो, ऑइल तापत नाही, इंजिनावर ओझं नाही. मला हे डोकं फार आवडतं, इतक्या वर्षांनीही.

आता त्यावर कुणी मधून उघडा असणारा वॉल्व्ह बसवला तर काय होईल? लिव्हर मधोमध असताना तो वॉल्व्ह ऑइलला सरळ परत जायला रस्ता देतो. पंपाने ढकललेलं ऑइल हातांकडे जायच्या आधीच गिअरबॉक्समध्ये परत पडतं, म्हणून हात उचलत नव्हते. लिव्हर ओढला की तो रस्ता बंद होतो. मग ऑइल जिथे कमी जोर लागेल तिथे आधी जातं, म्हणजे रिकाम्या हातांकडे. हात टोकाला गेले की पंप बंद, आणि ट्रॉलीची पाळी येतच नाही. दोन दुखणी एकाच कारणाची. पंप बदलला असता तरी नवा पंपही अगदी असाच वागला असता.

तो वॉल्व्ह काढून टाकला. त्या जागी प्रेशर सोसणारा एकच साधा कॉक, पुढे होज आणि क्विक कपलर, म्हणजे झटकन जोडता-काढता येणारा जोड. कंट्रोल ट्रॅक्टरच्याच मूळ लिव्हरचा. ट्रॉली वापरायची तेव्हा हातांना साखळी लावायची आणि कॉक उघडायचा. नांगर वापरायचा तेव्हा कॉक बंद, साखळी काढायची. साखळी कच्ची चालत नाही, लिफ्टचा पुरा जोर तिच्यावर येतो.

जोडण्याआधी ट्रॉलीच्या जॅकमधलं ऑइल भांड्यात काढलं. दुधासारखं पांढरट निघालं. पाणी होतं त्यात. हे काकांना मी मुद्दाम दाखवलं, कारण टीई-२० मध्ये गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि हायड्रॉलिक्स, तिन्हींचं ऑइल एकच. ट्रॉलीतली घाण थेट गिअरवर जाते. शिवाय जॅक ७५ मिलिमीटर व्यासाचा, ९० सेंटिमीटर वर जाणारा, म्हणजे पूर्ण उघडला की ट्रॅक्टरमधलं जवळपास ४ लिटर ऑइल त्याच्या पोटात. पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढणार. म्हणून जॅक उघडा असताना पातळीची काठी तपासून ऑइल भरायचं, पण काठोकाठ नाही. तेवढं ऑइल परत यायला जागा लागते.

साखळी लावली, कॉक उघडला, काकांनाच लिव्हर वर करायला सांगितलं. क्षणभर काहीच नाही, मग होज ताठ झाली आणि ट्रॉलीचं तोंड उचललं गेलं. मध्येच काकांनी सवयीने क्लच दाबला आणि ट्रॉली अर्ध्यात थांबली. ते दचकले. या ट्रॅक्टरात क्लच दाबला की पीटीओ थांबतो आणि पीटीओबरोबर पंपही. ऑइल मात्र कोंडलेलं राहतं, ट्रॉली तिथेच टांगलेली. क्लच सोडला आणि ती पुढे चढली.

तेवढ्यात कपलरजवळ धुरासारखी बारीक वाफ दिसली. पोरगा “गळतंय वाटतं” म्हणत हात पुढे करत होता. मी इतक्या जोराने ओरडलो की शेजारचे लोक धावत आले. सुईएवढ्या भोकातून निघणारं ऑइल त्या प्रेशरला कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत बोट कुजायला लागतं. तशी जखम झाली तर लगेच, त्याच तासाला हॉस्पिटल. मी ट्रॉली खाली घेऊन इंजिन बंद केलं, प्रेशर सोडलं आणि कपलरची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलली. नंतर पुन्हा प्रेशर चढवून लांबून पुठ्ठा फिरवून बघितला. कोरडा निघाला. पोरगा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

ट्रॉलीखाली जायचं झालं तर आधी लाकडी टेकू, हे काकांना दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, पुढे दोन्ही बाजूंनी ढकलणारा जॅक लावायचा झाला तर? त्याला मी या पंपाला हात लावणार नाही. पीटीओवर वेगळा पंप, वेगळी टाकी आणि हाच काढलेला वॉल्व्ह, तिथे तो बरोबर बसेल. काकांनी वॉल्व्ह फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवला.

निघण्याआधी त्यांनी मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं: आधी साखळी, मग कॉक. मग ट्रॉली आणखी एकदा वर नेली, खाली आणली, साखळी काढली, कॉक बंद केला आणि मागचे रिकामे हात वर घेतले. ते वर आले, आणि वरच राहिले.