माइकला सगळंच ऐकू येतं

घरात किती आवाज असतो हे माइक लावल्याशिवाय कळतच नाही. पंखा, फ्रिज, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, खाली पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना गाणं म्हणणारी गाडी, हे सगळं आपल्या मेंदूने कधीच बाजूला टाकलेलं असतं आणि माइक बिचारा इमानदारीने सगळं नोंदवून ठेवतो, त्याला काय माहीत तुम्हाला फक्त कथा वाचून रेकॉर्ड करायची होती ते.

लोक मग लगेच महागडा माइक शोधायला लागतात. कंडेन्सर म्हणजे विजेवर चालणारा बारकावे टिपणारा माइक घेतात, त्याला 48 व्होल्ट फॅंटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) देतात, आणि तो तर अजून संवेदनशील, शेजारच्या खोलीतला टीव्हीसुद्धा उचलतो. माझं मत विचाराल तर पैसे खर्च करण्याआधी माइक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो, मग गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, तेवढा खाली आणला की पंखा आपोआप मागे पडतो. वीतभर अंतर बास, थोडं तिरकं बोलायचं म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, पाठीमागून कमी ऐकतो, तेव्हा त्याची पाठ खिडकीकडे करायची, फुकटचा उपाय.

गुणगुण हा वेगळाच प्राणी. हेडफोनमध्ये सतत एक जाडा सूर येत असेल तर तो बहुतेक विजेचा, आपल्याकडे 50 हर्ट्झचा, अमेरिकेत राहणाऱ्यांकडे 60 चा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर तो कमी होतो का बघा, होत असेल तर अर्थिंगची भानगड आहे, चार्जर दोन पिनांचा असेल किंवा तिसरी पिन सॉकेटमध्ये नावापुरती असेल. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करायचं, बऱ्याचदा तिथेच प्रकरण मिटतं. 80 हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावूनही गुणगुण उरते कारण तिची पिल्लं, म्हणजे तिच्या दुप्पट-तिप्पटीचे सूर, 100 आणि 150 वर बसलेली असतात.

गोधड्यांबद्दल मात्र गैरसमज फार. भिंतीवर गोधडी टांगली की आवाज खोलीत घुमत नाही, म्हणून कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट मस्त स्टुडिओ होतं, पण बाहेरची रिक्षा गोधडीला अजिबात जुमानत नाही, ती खिडकीच्या फटीतून येणारच. त्यावर उपाय एकच, रात्री अकरानंतर बसायचं.

सॉफ्टवेअर मी सगळ्यात शेवटी ठेवतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारी सोय) हात सैल सोडून वापरलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, शब्दांच्या शेपट्या गायब, त्यापेक्षा थोडा पंखा ऐकू आलेला परवडतो. हलकंच लावायचं. त्यासाठी आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो, म्हणजे सुरुवातीला काही सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि आमच्याकडे नेमकं तेव्हाच आतून येतं, "झालं का रे तुझं? पंखा लावू का आता?" म्हणजे नमुन्यात आईचा आवाज, आणि तो कथेतून वजा करायला गेलं तर कथेचं काय होईल ते सांगायला नको.