तळ्यातला गणपती

रविवार, 11 जानेवारी 2026, पुणे

आज सकाळी थंडी असूनही नातीला घेऊन सारसबागेत गेले. थंडीचे दिवस असल्यामुळे सिद्धिविनायकाला स्वेटर आणि कानटोपी घातलेली होती आणि ती पाहून नात इतकी हरखली की नमस्कार करायचेही विसरली. पायऱ्या उतरताना मी म्हटले, "तळ्यातल्या गणपतीचं दर्शन झालं, आता खेळायला चल." त्यावर तिने विचारले, "आजी, पण तळं कुठंय?"

माझ्या आजीच्या तोंडी सारसबाग हे नाव क्वचितच येई. संकष्टीला ती पदर खोचून, "तळ्यावर जाऊन येते गं," असे सांगून सदाशिव पेठेतल्या घरातून निघत असे. माझ्या लहानपणापासून पाण्याऐवजी तिथे जमीनच होती, तरी त्या शब्दात आम्हाला कधी काही वावगे वाटले नाही.

नातीला पायरीवर बसवून मी सांगितले की, अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवून घेतले, त्याच्या मधोमध बेट राखले, आणि 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर या गणपतीची स्थापना झाली. देवळाचा चौथरा आजूबाजूच्या हिरवळीपेक्षा उंच का, हे त्यावरून तिला लगेच समजले. आपण बेटावरून खाली उतरत आहोत, असे तिनेच मला सांगितले. मग दवाने भिजलेल्या गवतावर ती चपला हातात घेऊन चालू लागली आणि मीही तिच्यामागे गेले.

या तळ्याला आंबिल ओढ्याचे पाणी होते. तळे गेले, पण ओढा राहिला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला आलेल्या पुराने किती घरे उद्ध्वस्त केली आणि किती जीव घेतले, हे आठवले की अजून अस्वस्थ व्हायला होते. पाणी साठवण्याच्या जागा आपण एकेक करून बुजवल्या आणि ओढ्याचे पात्र आवळत नेले, ही आपल्या शहराची मोठी चूक आहे असे मला मनापासून वाटते.

शेजारच्या पेशवे पार्कात मात्र आठवणी माझ्याच होत्या. फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी 1956 पासून तिथे धावते आहे. मी पाच वर्षांची असताना तिच्या डब्यातून माझी एक लाल चप्पल रुळांवर पडली होती आणि मी रडून आकांत केला होता. बाबांनी कुंपणाच्या कडेने अर्धा फेरा घालून, रखवालदाराला विनवून ती आणली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि गुडघ्यावर बसून माझ्या पायात घातली. त्या वेळी मागे वाघाच्या पिंजऱ्याचा उग्र वास येत होता. पुढे कात्रजचे प्राणिसंग्रहालय झाले आणि प्राणी तिकडे गेले. त्या अरुंद पिंजऱ्यांतून ते सुटले, हे चांगलेच झाले.

दुपारी लेकीने फोनवर विचारले, सकाळी कुठे गेला होतात? फोन माझ्या हातातून घेत नात म्हणाली, "आई, आम्ही तळ्यावर गेलो होतो."